पासंगाचा ढोलवाला

त्या पत्र्याच्या डब्यात आम्ही एकशे पाच जण होतो. एकशे चार प्लास्टिकचे, लाल डगल्याचे, प्रत्येकी साधारण चार ग्रॅम वजनाचे. त्यांतले चाळीस बंदूक रोखून उभे, बत्तीस चालणारे, चोवीस गुडघा टेकून बसलेले, चार तलवारवाले आणि चार निशाणवाले. एका निशाणवाल्याचं निशाण मोडलेलं होतं, तरी तो मी मोजला आहे. एकशे पाचवा मी. शिशाचा, निळ्या डगल्याचा, उंची चार सेंटिमीटर एक मिलिमीटर. माझ्या बाजूचं त्या डब्यात दुसरं कोणीही नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना ढोलवाला आहे. खराखुरा नव्हे, खेळातला. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये नेपोलियन नावाचा बादशहा होऊन गेला, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. त्याच्या लढाया टेबलावर खेळण्याचा एक खेळ आहे. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं आणि तेवढंच सैन्य पुढे सरकवायचं. निळे ते फ्रेंच, लाल ते इंग्रज. मी निळा.

मला एका मेजरसाहेबांनी ओतलं. भंगारात मिळालेल्या शिशाच्या नळीचा तुकडा त्यांनी स्टोव्हवर वितळवला आणि दोन फाकांच्या साच्यात ओतला. साचा नीट बसला नव्हता. त्याची बारीक कड माझ्या डाव्या कानावर अजून आहे. साच्यातल्या माणसाने डावा पाय उचलला होता, म्हणून मीही तो उचलला आणि तेव्हापासून तो खाली टेकलेला नाही. मी कायम चालतो आहे, आणि स्वतः होऊन एक मिलिमीटरसुद्धा पुढे गेलेलो नाही.

मेजरसाहेबांनी आम्हा निळ्यांचे अठ्ठावीस जण ओतले. मग त्यांच्या बाईसाहेबांनी स्वयंपाकघरात शिसं वितळवायला बंदी केली. ती योग्यच होती. शिशाचा धूर विषारी असतो. पण लाल फौज ओतायची राहिली. साहेबांनी बाजारातून प्लास्टिकच्या सैनिकांची चार पाकिटं आणली. प्रत्येकात सव्वीस. ते आमच्यापेक्षा उंच निघाले, माझं डोकं त्यांच्या छातीला लागतं. अशा रीतीने टेबलाच्या एका बाजूला थोडे, ठेंगणे आणि जड, तर दुसऱ्या बाजूला पुष्कळ, उंच आणि हलके, अशा दोन न जुळणाऱ्या फौजा उभ्या राहिल्या.

साहेबांच्या भांडारात दोन शिपाई होते. लालासाहेब सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचे, घरी उसाची शेती. कोंडीबा सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडजवळच्या धनगरवस्तीवरचे, घरी मेंढरं. दोघे आधी टेबल मांडायचे, मग सोंगट्या पुसायचे, आणि दोन वर्षांत दोघे साहेबांना हरवू लागले. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी सगळी पेटी या दोघांना दिली आणि म्हणाले, "दोघांत वाटून घ्या."

पुढे दोघेही हवालदार होऊन एकाच महिन्यात निवृत्त झाले. वाटणी व्हायची राहिली होती, ती कोंडीबांच्या वस्तीवर झाली. त्या दिवशी वस्तीवर जेवण होतं. बोकड कापला होता आणि मटणाचे वाटे घालायला लिंबाच्या फांदीला ताजवा टांगलेलाच होता. वाटे घालण्याचं काम कोंडीबांकडे असे. त्यांच्या हातच्या वाट्यावर वस्तीत कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं.

"वजनानंच करू की," कोंडीबा म्हणाले. "मागनं कुणाचं काय बोलणं नगं."

"कर की मग," लालासाहेब म्हणाले. "निळं मला, तांबडं तुला."

एका पारड्यात आम्ही अठ्ठावीस निळे. दुसऱ्यात एकशे चार लाल. आमचं पारडं खाली गेलं. कोंडीबांनी आमच्यातला एक उचलून पलीकडे टाकला. काटा मधोमध आला आणि थांबला.

तो उचललेला मी होतो. पारडी समतोल व्हावीत म्हणून हलक्या बाजूला जे टाकतात, त्याला पासंग म्हणतात. वाण्याकडे दगड टाकतात, खिळा टाकतात. तिथे मला टाकलं.

कोंडीबांच्या पत्नी मंगलकाकी चुलीपासून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, सतरा वर्सं मिल्ट्रीत काढली, आन् खेळण्याची वाटणी करताय व्हय? मटान निवतंय तितं!"

पहिला डाव मांडला तेव्हा दोघांच्या ध्यानात आलं. लाकडी बाकांवर काळं घोंगडं अंथरलं होतं, टेकड्यांसाठी त्याखाली वाट्या पालथ्या घातल्या होत्या, नदी म्हणून निळी नायलॉनची दोरी टाकली होती. एका काठावर एकशे चार उभे राहिले, दुसऱ्या काठावर सत्तावीस.

लालासाहेब बघतच राहिले. "आयला कोंडीबा, ही तुझी जत्रा, आन् ही माझी चार मान्सं!"

कोंडीबा पोट धरून हसले. "लाला, आपण मटान वाटलं रं गड्या! फौज न्हाई वाटली!"

पण वाटा एकदा पडला की तो मोडायचा नाही, ही तिथली रीत. म्हणून त्यांनी वाटा न मोडता नियम केला. एका निळ्याचं वजन चार लालांएवढं, म्हणून एक निळा म्हणजे चार लाल. लाल सैनिकाला एक घाव बसला की तो आडवा. निळ्याला घाव बसला की त्याच्यापुढे बाजरीचा एक दाणा ठेवायचा, चौथा दाणा पडला की तो आडवा. शेवटी उभे राहिलेले मोजायचे आणि निळा एक असेल तर चार धरायचे. सत्तावीस चोक एकशे आठ. समोर एकशे चार. हिशोब जवळजवळ जुळला.

राहिला मी. पेटीतल्या साहेबांच्या नियमांच्या वहीत ढोलवाल्यासाठी वेगळा नियम होता. ढोलवाल्याला मारता येत नाही, त्याला मोजतही नाहीत. पण तो ज्या बाजूला असेल, त्या बाजूची एक तुकडी प्रत्येक पाळीला एक वीत जास्त चालते. ही वीत कुणाची यावरून दोघांचं तासभर वाजलं, कारण कोंडीबांचा पंजा मोठा होता. शेवटी बावीस सेंटिमीटरची एक काडी कापली.

मित्रांनो, ती बावीस सेंटिमीटर म्हणजे माझी सगळी किंमत, आणि ती माझ्याच माणसांच्या विरुद्ध वापरली गेली. वर्षातून एकदा डाव व्हायचा, एक वर्ष म्हसवडला, एक वर्ष वाळव्याकडे. मला एसटीने नेत, लालांच्या रांगेत उभं करत, आणि समोर चार फुटांवर माझे सत्तावीस भाऊ उभे असत. मला मान वळवता येत नाही. ज्या दिशेला ठेवतील त्याच दिशेला मी बघतो. कोंडीबा मला नेहमी समोर तोंड करून ठेवत. म्हणून माझ्या ढोलावर पुढे गेलेल्या लालांनी कोणाला किती दाणे घातले, हे मला दरवेळी बघावं लागलं.

अकरा डाव झाले. कोंडीबांनी आठ जिंकले, लालासाहेबांनी तीन.

अकराव्या डावाला लालासाहेबांचे सात जण टेकडीवर उरले होते. एक पाळी टिकले असते तर डाव त्यांचा होता. कोंडीबांनी काडी लावली, एक वीत मोजली, आणि लाल तुकडी टेकडीवर पोचली. डाव संपला.

लालासाहेबांनी फासे खाली ठेवले. "कोंडीबा, माझा ढोलवाला मला दे. बदल्यात पायजे तितकं निळं घे."

"का रं?"

"निळा हाय त्यो. माझ्यातला हाय."

"ताजव्यानं दिल्याला हाय," कोंडीबा म्हणाले. "आन् धनगराच्या फौजंत ढोल न्हाई म्हंजी काय लाला? आमचा आज्जा गजीच्या नाचात ढोल वाजवायचा. मेंढरं हुबी ऱ्हायची ऐकाया."

"मेंढरांचं ऱ्हाऊ दे." लालासाहेबांचा आवाज चढला. "वाटा घालताना तांबड्याच्या पारड्याखाली अंगठा व्हता तुझा. मी बघितलाय."

कोंडीबांनी एकेक लाल उचलून डब्यात भरला. मला शेवटी ठेवलं. झाकण लावताना ते म्हणाले, "एसटी साडेचारला हाय. चुकंल तुझी."

त्यानंतर सात वर्षं डबा खेळासाठी उघडला नाही. वस्तीवर पुढच्या जेवणाला वाटे घालायला बोलावलं तेव्हा कोंडीबा गेले नाहीत. पत्र्यातून मला मंगलकाकींचा आवाज आला, "आवं, मान्सं खोळंबल्याती. ताजवा धरा की." आणि कोंडीबांचा, "दुसरा कुनी बघा. माझा अंगठा लय मोटा हाय." त्या दिवसापासून त्यांनी ताजव्याला हात लावला नाही.

डबा मात्र त्यांनी एकदा उघडला. प्लास्टिकच्या गर्दीत माझा रंग खरवडला जातो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी नुकत्याच तोडलेल्या बाभळीच्या ओल्या लाकडातून माझ्या मापाची एक पेटी कोरली. आत मला उभं ठेवलं, कापसाची गादी घातली, झाकण घट्ट बसवलं, वर रबर लावलं आणि ती पेटी डब्यात ठेवली. ते हे सगळं प्रेमाने करत होते, हे मला कळत होतं. ज्या माणसाशी बोलणं तुटलं होतं, त्याच्या फौजेतला एक माणूस त्यांच्याकडे उरला होता. त्यांना मला जपायचं होतं.

आता इथे मी तुम्हाला एक शास्त्रातली गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या अंगावर घडली आहे. ओल्या लाकडातून आंबट वाफ निघते, व्हिनेगरला येते तशी. पेटी उघडी असेल तर ती उडून जाते. बंद पेटीत ती साठते. ही वाफ, हवेतला दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड यांनी मिळून शिशाची पांढरी भुकटी होते. लोखंड गंजतं तेव्हा तांबूस दिसतं, म्हणून तुम्हाला कळतं. शिसं गंजतं तेव्हा अंगावर पीठ सांडल्यासारखं दिसतं.

आधी माझ्या उजव्या हातातली टिपरी गेली. ती सगळ्यात बारीक होती. मग टोपीचा तुरा. मग डगल्याचा निळा रंग पापुद्र्यांनी सुटला, कारण त्याखालचं शिसंच जागेवर राहिलं नव्हतं. मला ओरडता येत नव्हतं आणि मी ओरडलो असतो तरी लाकूड, कापूस आणि पत्रा यांतून आवाज बाहेर गेला नसता. बाहेर मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत. डाळिंबाच्या बागेत फवारणीचा पंप सुरू होई. उन्हाळ्यात पत्रा तापे आणि वाफ वाढे. मी दिवस मोजत नव्हतो. माझ्यातलं काय काय कमी झालं, ते मोजत होतो.

मागच्या दिवाळीच्या आधी फळी झाडताना क्रांतीने डबा खाली काढला. क्रांती ही कोंडीबांची मुलगी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने रबर काढलं, झाकण उचललं आणि नाकाशी नेलं. मग ती घाईने अंगणात गेली.

"आबा, हिकडं या. हात नका लावू त्याला! ती भुकटी विषारी असते."

कोंडीबा आले. ते माझ्याकडे वाकले. "ह्येला काय झालं गं?"

"पेटीनं खाल्लं त्याला. ओल्या लाकडानं."

"मी तर जपाया केलती पेटी," कोंडीबा म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "जपाया केलती गं मी."

क्रांतीने हातमोजे घातले, ओल्या ब्रशने ती भुकटी टिपून पिशवीत बंद केली आणि मला पुसून एका कॉफीच्या रिकाम्या बरणीत ठेवलं. तळाशी बुटांच्या खोक्यात येतात तशा ओल शोषणाऱ्या दोन पुड्या घातल्या. मग तिने लालासाहेबांना फोन लावला.

"काका, क्रांती बोलतीय, म्हसवडची. तुमचा ढोलवाला आजारी हाय."

पलीकडून लालासाहेबांनी विचारलं, "कुठल्या दवाखान्यात हाय?"

तिसऱ्या दिवशी ते आले. हातात स्टीलचा जेवणाचा डबा होता आणि डब्यात माझे सत्तावीस भाऊ. स्टीलच्या डब्यात राहिल्यामुळे ते लखलखीत होते. मी बरणीच्या काचेतून त्यांना पाहिलं. त्यांनी मला ओळखलं असेल का, ते मला माहीत नाही. माझ्या चेहऱ्यावर नाक उरलेलं नाही.

दोन्ही हवालदार एकमेकांकडे न बघता बसले. क्रांतीने फांदीला तोच ताजवा टांगला. तिच्या पिशवीत कॉलेजातला एक डिजिटल काटाही होता, दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा.

"काका, आबा, दोघांनी बघायचं. बोलायचं न्हाई मधी."

दोन्ही पारडी रिकामी होती आणि समतोल. तिने एका पारड्यात एक लाल टाकला. काटा हलला नाही. दुसरा टाकला. हलला नाही. तिसरा टाकल्यावर पारडं किंचित झुकलं.

"म्हणजे आठ ग्रॅमपर्यंत ह्या ताजव्याला काही दिसतच नाही," ती म्हणाली. "मटणाला चालतंय. आता हे बघा."

तिने डिजिटल काट्यावर आधी सत्तावीस निळे ठेवले. चारशे अडतीस पूर्णांक दोन. मग एकशे चार लाल. चारशे सतरा पूर्णांक सहा. मग मला बरणीतून चिमट्याने काढून ठेवलं. तेरा पूर्णांक नऊ. निळ्यांची सरासरी सोळा पूर्णांक दोन होती. मीही मूळचा तेवढाच होतो असं धरून तिने कागदावर बेरीज केली आणि कागद दोघांच्या मध्ये ठेवला.

"वाटणीच्या दिवशी आबांच्या पारड्यात चारशे तेहतीस पूर्णांक आठ. काकांच्या पारड्यात चारशे अडतीस पूर्णांक दोन. जवळजवळ साडेचार ग्रॅम काकांकडं जास्त गेलं. ताजव्याला दिसलं न्हाई."

लालासाहेबांनी कागद उचलला, चष्मा वर केला, बेरीज दोनदा तपासली. मग त्यांनी स्वतःचा अंगठा डोळ्यासमोर धरला.

"म्हंजी अंगठा माझाच व्हता व्हय रं, कोंडीबा?"

कोंडीबांना हसू आवरलं नाही, पण ते लगेच ओसरलं. "सात वर्सं लाला. वस्तीवर वाटा घातला न्हाई मी."

"ऐकलं मी." लालासाहेबांनी मान खाली घातली. "चुकलो. ढोलवाला ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. तुझाच हाय त्यो."

"न्हाई. माझ्यापाशी त्याचं हे असं झालं." कोंडीबांनी बरणीकडे बोट केलं. "पर वाटा पडल्याला हाय. तसाच उचलून दिला तर वाटा मोडतो. डाव मांड. तू जितलास तर त्यो तुझा."

"आन् बराबरी झाली तर?"

"तर त्यो जितं हाय तितंच ऱ्हाईल."

मंगलकाकी चहा घेऊन आल्या होत्या. घोंगडं झटकताना त्या म्हणाल्या, "मांडा एकदाचं. सात वर्सं ह्ये घोंगडं घरात कसरीनं खाल्लं, आन् भायेर ह्या दोघांस्नी रागानं."

बारावा डाव दुपारी साडेबाराला सुरू झाला. या डावात माझा ढोल कोणाच्याच बाजूने नव्हता, असं ठरलं. बरणी घोंगड्याच्या कडेला ठेवली आणि क्रांतीने ती जरा तिरकी ठेवली, त्यामुळे पहिल्यांदाच मला दोन्ही बाजू एकदम दिसल्या. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला माझ्या भावांच्या पाठी कधी दिसल्या नव्हत्या. त्यांच्या पाठीवर पट्ट्यांची फुली आहे आणि पडशीला तीन बटणं आहेत. माझ्याही पाठीवर ती असतील. मला ती दिसत नाहीत.

डाव चार तास चालला. लालांनी नदी दोनदा ओलांडली आणि दोनदा माघार घेतली. दाणे पडत गेले.

डाव कसा संपला ते सांगण्याआधी माझं एक मागणं आहे. तुमच्या घरी शिशाची जुनी वस्तू असेल तर ती ओल्या लाकडाच्या पेटीत कोंडू नका. काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात, कोरडी ठेवा. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि पांढरी भुकटी दिसली तर स्वतः पुसू नका, मोठ्या माणसाला सांगा. आणि एखाद्याला जपत असाल तर त्याचं झाकण अधूनमधून उघडून बघा. मला सात वर्षं कोणी तरी खूप जपलं होतं.

साडेचारला लालासाहेब म्हणाले, "मोजू."

क्रांती निळे मोजू लागली. लालासाहेब वाकून तिच्या बोटाकडे बघत होते. कोंडीबा लाल बाजूला होते. मोजायला सोपं जावं म्हणून त्यांनी डावा हात घोंगड्यावर टेकला होता, आणि ते उजव्या हाताने एकेक लाल बाजूला घेत मोठ्याने मोजत होते. बरणी तिरकी होती. माझं तोंड त्यांच्या डाव्या हाताकडे होतं.

शिशाचे नऊ उभे होते, नऊ चोक छत्तीस. प्लास्टिकचे पस्तीस मोजले गेले. कोंडीबांच्या अंगठ्याखाली एक होता.